मधुमेहातली अँटिबॉडी तपासणी : कुणी करायची, केव्हा करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

गोळ्या वेळेवर, खाणं मोजून, चालणं न चुकता. तरीही वर्षभरात साखर चढत गेली आणि वजन उतरत गेलं. अशा माणसाला घरी काय आणि दवाखान्यात काय, बहुधा एकच ऐकायला मिळतं : पथ्य नीट पाळा. हे मला फार खुपतं. कारण अशांपैकी काहींचा आजार मुळात टाइप २ नसतोच, तो टाइप १ असतो. त्यांच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर त्यांच्याच शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा उलटलेली असते आणि ते कळायला रक्तातल्या अँटिबॉडीची, म्हणजे ही यंत्रणा तयार करते त्या प्रथिनांची, एक तपासणी पुरते. ती योग्य माणसाची झाली तर उपचारांची दिशाच बदलते. सरसकट कुणाचीही केली तर मात्र रिपोर्टमुळे गोंधळ वाढतो. म्हणून ही तपासणी कुणी मागायची, कशी करून घ्यायची आणि हातात आलेल्या आकड्याचं काय करायचं, ते क्रमाने पाहू.

या अँटिबॉडी नेमकं काय सांगतात

१९७४ साली लंडनमध्ये बोत्ताझो, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मधुमेहींच्या रक्तात स्वादुपिंडातल्या पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडी असल्याचं दाखवलं. तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागत. पुढे त्या कोणकोणत्या प्रथिनांविरुद्ध तयार होतात हे उलगडत गेलं आणि आता प्रत्येकीची वेगळी तपासणी होते.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. बीटा पेशी मारण्याचं मुख्य काम या अँटिबॉडी करत नाहीत, ते टी पेशी (रोगप्रतिकार यंत्रणेतल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) करतात. हल्ला चालू आहे याची रक्तात दिसणारी खूण म्हणजे अँटिबॉडी. त्यामुळे हा आकडा खाली आणणारं औषध, काढा किंवा आहार शोधत बसण्यात अर्थ नाही. मधुमेह कोणत्या जातीचा आहे हे अँटिबॉडीवरून कळतं. तो किती बळावला आहे हे कळायला रक्तातली साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि सी-पेप्टाइड (स्वतःचं इन्सुलिन किती तयार होतं ते दाखवणारं) या तपासण्या आहेत.

पायरी १ : तपासणी कुणाला हवी ते ठरवा

प्रत्येक मधुमेहीला या तपासणीची गरज नाही. वय पन्नाशीच्या पुढे, वजन जास्त, घरात मधुमेह आणि गोळ्यांवर साखर नीट आटोक्यात, अशा माणसाने ती करू नये असंच मी म्हणेन. त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमारेषा बऱ्याचदा अशी आखलेली असते, की निरोगी माणसांपैकी ९९ टक्के तिच्या खाली येतात. म्हणजे ज्यांना हा आजार नाहीच अशा १००० जणांची तपासणी केली, तर निव्वळ आकडेवारीच्या नियमाने दहाएक जण पॉझिटिव्ह निघतील. ज्या गटात खरे रुग्णच मोजके आहेत, तिथे या दहांमुळे भलताच घोळ होतो.

तपासणी मागायला हवी ती अशा वेळी. मधुमेह पस्तिशीच्या आत सुरू झाला. अंगाने सडपातळ आहात किंवा निदानाच्या वेळी वजन झपाट्याने उतरलं. तहान आणि लघवीचं प्रमाण काही आठवड्यांत एकदम वाढलं. एकदा तरी कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्ल पदार्थ) वाढून दवाखान्यात भरती व्हावं लागलं. दोन-तीन गोळ्या नीट घेऊनही साखर हटत नाही. तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांना थायरॉईडचा स्वयंप्रतिकार आजार, सिलियाक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा होणारा आजार) किंवा कोड आहे. कर्करोगासाठी निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध चालू असताना साखर अचानक भडकली, तरीही तपासणी करावी. मात्र अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात अँटिबॉडी सापडत नाहीत, त्यामुळे तिथे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही.

वयाचं म्हणाल, तर टाइप १ हा फक्त मुलांचा आजार ही समजूत सोडून द्यायला हवी. तो चाळिशीत आणि साठीतही होतो. मोठ्या वयात तो हळूहळू उलगडतो, पहिले काही महिने किंवा वर्षं गोळ्यांना दादही देतो, आणि म्हणूनच टाइप २ समजला जातो. डॉक्टर त्याला लाडा म्हणतात.

आणखी एक गोष्ट. उलट्या होत आहेत, श्वास खोल आणि जलद झाला आहे, लघवीत कीटोन आहेत, माणूस सुस्तावला आहे, तर अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. तातडीने रुग्णालय गाठायचं. अशा वेळी उपचार आधी आणि आजाराची जात नंतर. रिपोर्ट यायला काही दिवस लागू शकतात, तेवढा वेळ हाताशी नसतो.

पायरी २ : कोणती अँटिबॉडी, कोणत्या क्रमाने

प्रौढांमध्ये सुरुवात गॅड ६५ (थोडक्यात गॅड) या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीपासून करावी. मोठ्या वयात सर्वांत जास्त वेळा हीच सापडते आणि निदानानंतर बरीच वर्षं टिकते. ती निगेटिव्ह आली आणि संशय कायम राहिला, तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या दोन प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायच्या. झिंक ट्रान्सपोर्टर ही यांतली सर्वांत अलीकडची, २००७ मध्ये ओळखली गेलेली.

चौथी म्हणजे इन्सुलिनविरुद्धची ऑटोअँटिबॉडी. लहान मुलांत अनेकदा तीच सर्वांत आधी उगवते. तिची एक मोठी अडचण आहे. बाहेरून इन्सुलिन टोचायला लागल्यावर शरीर त्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी तयार करतं आणि प्रयोगशाळेला या दोन्हींतला फरक सांगता येत नाही. त्यामुळे इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे होत आले असतील, तर ही तपासणी निदानासाठी निरुपयोगी आहे. वर्षभर इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवर 'इन्सुलिन अँटिबॉडी पॉझिटिव्ह' दिसलं म्हणून त्याला टाइप १ ठरवलं, तर ती सरळसरळ चूक आहे.

बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल तर वाट वेगळी. या वयातला मधुमेह बहुतेक वेळा एखाद्या जनुकातल्या बदलामुळे होतो. तिथे जनुकीय तपासणीच करायची, कारण काही बाळांचं इन्सुलिन थांबवून त्यांना सल्फोनिलयुरिया गटाच्या (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळीवर आणता येतं.

पायरी ३ : रक्त देण्याआधी

अँटिबॉडीसाठी उपाशीपोटी जायची गरज नसते. नेहमीची औषधंही बंद करायची नसतात. दोन गोष्टी मात्र रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिली गोष्ट बायोटिनची. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत ते मोठ्या मात्रेत असतं. अँटिबॉडी मोजण्याच्या काही पद्धतींमध्ये बायोटिनचाच वापर होतो, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन निकाल बिघडवू शकतं. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते प्रयोगशाळेलाच विचारा. दुसरी गोष्ट, गेल्या काही महिन्यांत इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा शिरेतून दिला गेला आहे का. दात्याच्या अँटिबॉडी त्यातून तुमच्या रक्तात येतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह दाखवू शकतात.

त्याच वेळी सी-पेप्टाइड आणि रक्तातली साखर यांचंही रक्त देऊन टाका. त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

पायरी ४ : रिपोर्टवरचा आकडा वाचणं

रिपोर्टवर तीन गोष्टी शोधा : तुमचा आकडा, त्या प्रयोगशाळेची सीमारेषा आणि मोजण्याची पद्धत. सीमारेषेशिवाय आकड्याला काहीही अर्थ नाही. एका प्रयोगशाळेत ५ च्या वर पॉझिटिव्ह धरतात, दुसरीकडे १० च्या, तिसरीकडे एककच वेगळं असतं. एलायझा, केमिल्युमिनेसन्स आणि किरणोत्सारी पद्धत यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. मागच्या वर्षी ४० होता आणि आता दुसऱ्या ठिकाणी २२ आला, यावरून आजार कमी झाला असं समजू नका. त्याच ठिकाणी त्याच पद्धतीने मोजूनही आकडा खाली आला, तरी त्याचा अर्थ बीटा पेशी सावरल्या असा होत नाही. वर्षं जातात तशा अँटिबॉडी आपोआपही ओसरतात.

समजा, ३८ वर्षांचा एक माणूस आहे. सडपातळ. दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड चालू आहे, एचबीए१सी ९.४. गॅडचा रिपोर्ट १८४, सीमारेषा १०. वय, बांधा, गोळ्यांना न मिळणारा प्रतिसाद आणि सीमेच्या कितीतरी पट वर गेलेला आकडा, सगळं एकाच दिशेने बोट दाखवतं. हा स्वयंप्रतिकार मधुमेह आहे असं धरून चालायला हरकत नाही.

आता दुसरा रिपोर्ट. ६१ वर्षांच्या बाई, वजन बरंच जास्त, एकाच गोळीवर एचबीए१सी ६.९. कुणीतरी पॅकेजमध्ये गॅडही करून घेतलं आणि ते आलं १२, सीमारेषा तीच १०. रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' छापलेलं असतं आणि घरात काळजी सुरू होते. पण इथे बाकी काहीच जुळत नाही. अशा काठावरच्या एकट्या निकालावर उपचार बदलू नयेत. तीच तपासणी पुन्हा करावी, शक्य तर दुसऱ्या पद्धतीने, आणि सोबत आयए-२ व झिंक ट्रान्सपोर्टर ८ बघावं. एकाऐवजी दोन वेगवेगळ्या अँटिबॉडी सापडल्या तर निदान बरंच पक्कं होतं. एकीचाच आकडा काठावर असेल तर संशयाला जागा उरते.

म्हणजे आकड्याच्या उंचीला काहीच किंमत नाही का? आहे, पण मर्यादित. प्रौढांमध्ये गॅडचं प्रमाण खूप जास्त असणारे सरासरीने लवकर इन्सुलिनवर येतात. वयाचा परिणाम त्याहून स्पष्ट दिसतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून १९९७ मध्ये आलेले आकडे बघा. हे सगळे टाइप २ म्हणून नोंदवलेले रुग्ण होते. निदानाच्या वेळी पस्तिशीच्या आत असलेल्या आणि गॅड पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी ८४ टक्क्यांना सहा वर्षांत इन्सुलिन लागलं, अँटिबॉडी नसलेल्यांत १४ टक्क्यांना. पंचावन्नच्या पुढे हेच आकडे ३४ आणि ५ असे होते. तेव्हा रिपोर्ट वाचताना शेजारी वय लिहून ठेवा.

गॅडचा आकडा हजारोंच्या घरात असेल आणि सोबत अंग, विशेषतः पाठ आणि पोटाचे स्नायू कडक होणं, अचानक आवाजाने पेटके येणं असं काही असेल, तर मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. स्टिफ पर्सन सिंड्रोम या दुर्मीळ आजारात गॅड असंच प्रचंड वाढलेलं असतं.

पायरी ५ : सी-पेप्टाइड सोबत ठेवूनच निर्णय

बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात तेव्हा त्यासोबत तेवढंच सी-पेप्टाइड रक्तात सोडतात. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे इन्सुलिन घेत असतानाही स्वतःच्या स्वादुपिंडात किती जीव उरला आहे ते यावरून कळतं.

रक्त जेवणानंतर पाच तासांच्या आत द्यावं आणि त्याच वेळची साखर मोजावी. साखर कमी असताना निरोगी स्वादुपिंडही हात आखडता घेतं, त्यामुळे साखर ७० च्या आसपास असताना आलेल्या कमी सी-पेप्टाइडवरून काहीच ठरवू नये. मूत्रपिंडं कमजोर असतील तर आकडा खोटा वाढलेला दिसतो. साखर फार भडकून भरती व्हावं लागलं असेल, तर बीटा पेशी तात्पुरत्या थकलेल्या असतात. निदान दोन आठवडे थांबा.

मधुमेहाला काही वर्षं उलटलेल्या माणसात ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे २०० पिकोमोल प्रति लिटर, याच्या खालचा आकडा इन्सुलिनची मोठी कमतरता दाखवतो. १.८ नॅनोग्रॅम, म्हणजे ६०० पिकोमोलच्या वर असेल तर स्वतःचं इन्सुलिन बऱ्यापैकी तयार होतंय. मधला पट्टा हा वाट बघण्याचा, पण डोळे उघडे ठेवून. त्या ३८ वर्षांच्या माणसाचं सी-पेप्टाइड साखर २१० असताना ०.९ आलं असं धरा. तो याच मधल्या पट्ट्यात आहे, आणि गॅड पॉझिटिव्ह असल्यामुळे खाली घसरण्याची शक्यता जास्त. त्याला इन्सुलिनबद्दल आताच सांगायला हवं, कीटोन वाढून रुग्णालयात पोचल्यावर नव्हे.

पायरी ६ : पॉझिटिव्ह आल्यावर औषधांची उजळणी

निदान पक्कं झालं की चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. दोन गटांबद्दल मुद्दाम विचारा. ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड यांसारखी सल्फोनिलयुरिया औषधं स्वयंप्रतिकार मधुमेहात सहसा टाळतात. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्या, ज्यांनी साखर लघवीवाटे जाते. इन्सुलिनची कमतरता असलेल्या माणसात या गोळ्यांमुळे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. ग्लुकोमीटरवर १८० दिसतंय म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि तोपर्यंत रक्त आम्लधर्मी झालेलं असतं. मला विचाराल तर सडपातळ मधुमेहीची अँटिबॉडी तपासणी वेळेत करण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

मनाने कोणतीही गोळी बंद करू नका आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून इन्सुलिन तर मुळीच थांबवू नका.

निगेटिव्हचा अर्थ एकच नसतो. मोठ्या वयात टाइप १ झालेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांत कोणतीच अँटिबॉडी सापडत नाही. आजार जुना असेल तर पूर्वी असलेल्या ओसरूनही गेलेल्या असतात. माणूस पस्तिशीच्या आतला, सडपातळ आणि लक्षणं टाइप १ ची असतील, तर निगेटिव्ह रिपोर्ट हाती असूनही इन्सुलिन चालूच ठेवतात. दुसरीकडे, तरुण वयात मधुमेह, आजी-वडील-मुलगा अशा सलग पिढ्यांत तो, अँटिबॉडी निगेटिव्ह आणि सी-पेप्टाइड चांगलं, असं चित्र असेल तर मोडी या एका जनुकामुळे होणाऱ्या मधुमेहाचा विचार व्हायला हवा. त्यातल्या एका प्रकाराला सल्फोनिलयुरियाची लहानशी मात्राही पुरते.

एकदा जात ठरली की अँटिबॉडी पुन्हापुन्हा मोजण्याचं कारण उरत नाही. दर सहा महिन्यांनी गॅड करून घेणारे लोक आहेत. त्याने उपचारात काडीचाही फरक पडत नाही. पुन्हा मोजायचंच असेल तर सी-पेप्टाइड मोजा.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या अँटिबॉडी

पूर्वी गायी-डुकरांपासून काढलेलं इन्सुलिन वापरत, तेव्हा त्याविरुद्ध अँटिबॉडी सर्रास तयार होत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि हे प्रमाण घटलं, संपलं मात्र नाही. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. क्वचित कुणाच्या रक्तात या अँटिबॉडी इतक्या वाढतात, की टोचलेलं इन्सुलिन त्यांना चिकटून बसतं आणि भलत्या वेळी सुटतं. मग जेवणानंतर साखर चढलेली आणि मध्यरात्री कोसळलेली. डोस वाढवत नेऊनही हेच चित्र राहिलं, तर आधी इंजेक्शनच्या जागेच्या गाठी, इन्सुलिनची साठवण आणि टोचण्याची पद्धत तपासा, कारण दोष बहुधा तिथेच सापडतो. तिथे काही नसेल तरच इन्सुलिन अँटिबॉडी मोजायची.

कधीही इन्सुलिन न घेतलेल्या माणसाचीही साखर अशी कोसळू शकते. १९७० मध्ये जपानमधून हिराता यांनी वर्णन केलेला हा इन्सुलिन ऑटोइम्यून सिंड्रोम. गंधक असलेल्या काही औषधांनी तो सुरू होतो. त्यांत थायरॉईडसाठीचं मेथिमॅझोल आहे, तसंच पायांच्या जळजळीसाठी बरेच मधुमेही घेतात ते अल्फा लिपोइक अ‍ॅसिडही. साखर कारण नसताना ५० च्या खाली जाऊ लागली, तर ही पूरक गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पायरी ७ : मुलं आणि भावंडं

टाइप १ असलेल्यांच्या मुलांना आणि भावंडांना हा आजार होण्याचा धोका सुमारे ५ टक्के, म्हणजे इतरांच्या दहा-पंधरा पट. त्यांच्या अँटिबॉडी साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसू लागतात. २०१५ पासून याचे टप्पे मानले जातात : दोन किंवा अधिक अँटिबॉडी आणि साखर सामान्य, हा पहिला, साखर बिघडू लागली, हा दुसरा, मधुमेहाचं निदान, हा तिसरा. अमेरिका, फिनलंड आणि जर्मनीतल्या मुलांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात दोन वा अधिक अँटिबॉडी असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास राहिलं.

म्हणून मुलाची एक अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर खचून जाऊ नका. दुसऱ्या नमुन्यावर खात्री करा आणि साखरेवर ठरावीक काळाने लक्ष ठेवा. दोन निघाल्या तर मुलांच्या मधुमेहतज्ज्ञांकडे नियमित जायला सुरुवात करा. यातून मिळतं ते असं : आजार उघड होतो तेव्हा घरच्यांना लक्षणं ओळखता येतात आणि मूल कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाण्याआधी इन्सुलिन सुरू होतं. शिवाय दुसऱ्या टप्प्यातल्या आठ वर्षांवरच्यांसाठी टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत त्याने मधुमेहाचं निदान सुमारे दोन वर्षं पुढे ढकललं. वाढत्या वयाच्या मुलासाठी दोन वर्षं इन्सुलिनशिवाय ही लहान गोष्ट नाही.

पायरी ८ : सोबतचे आजार

स्वयंप्रतिकार मधुमेह ठरला की थायरॉईड आणि सिलियाक तपासायचंच. टाइप १ च्या साधारण चौथाई रुग्णांत थायरॉईडविरोधी अँटिबॉडी सापडतात. त्यासाठी टीपीओ अँटिबॉडी एकदा आणि टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारी तपासणी) दर एक-दोन वर्षांनी करावं. साखर फार वाढलेली असताना टीएसएच फसवू शकतं, म्हणून ते साखर स्थिरावल्यावर करा.

सिलियाकसाठी टीटीजी-आयजीए ही तपासणी असते. ती करताना एकूण आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) मोजायला सांगायला विसरू नका. टाइप १ मध्ये आयजीएची कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते आणि ज्याच्या रक्तात आयजीएच नाही, त्याचा टीटीजी रिपोर्ट आतडी खराब झालेली असूनही निगेटिव्ह येतो. अशांची आयजीजी प्रकारची तपासणी करावी लागते. आणि रक्त देईपर्यंत गहू, जव यांसारखं ग्लूटेन असलेलं खाणं बंद करायचं नाही. आधीच सोडलं असेल तर अँटिबॉडी ओसरतात आणि आजार असूनही हाती निगेटिव्ह रिपोर्ट येतो.